ताईच्या रेडिओतले चार कंडेन्सर

माझं काम लोकांचे कान तपासण्याचं. चारी बाजूंनी फोम लावलेल्या एका छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक होत जाणारा सूर ऐकवायचा. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. ऐकू न येताही बटण दाबणारे पुष्कळ असतात. ते मला चेहऱ्यावरून कळतात. ऐकण्याच्या बाबतीत माझी सहसा फसगत होत नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

घरी मला अँप्लिफायर बांधायचा नाद आहे. काचेचे व्हॉल्व्ह असलेले, तापायला अर्धं मिनिट घेणारे. त्यात जुने कंडेन्सर बसवले तर आवाज बदलतो. जुने म्हणजे तेलात भिजवलेल्या कागदाची गुंडाळी पत्र्याच्या डबीत बंद केलेले, आता कोणी बनवत नाही असले. ते बसवले की गाणाऱ्याचा गळा ओला होतो, असं आम्ही नादिष्ट लोक म्हणतो. बायको म्हणते, "गळ्याचं माहीत नाही, माझा खिडकीजवळचा कोपरा मात्र गेला."

मला एका मापाचे चार हवे होते. तीन वर्षं भंगाराची दुकानं धुंडाळली. मिळायचे ते सुकलेले, नाहीतर तेल गळालेले.

ते चार मला ताईच्या रेडिओत सापडले.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. ताई लग्न होऊन गेली ती मला बरोबर घेऊनच. दाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सोल्डरची कांडी माझ्या हातात पहिल्यांदा त्यांनीच दिली. दाजींना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी स्वतःसाठी जुळवलेला एक रेडिओ ताईकडे होता. जेवण उरकलं की दुपारी दोन ते तीन ती तो लावून बसायची. स्टेशन नीट लागलेलं असो वा नसो, तिला फरक पडत नसे. समोर खुर्ची ओढून काहीतरी निवडत, शिवत बसायची आणि मधून मधून बोलायची. एकटी राहणारी माणसं बोलतात तशी, असं मी समजायचो.

"गुरगुरायला लागलाय रे," ती एकदा फोनवर म्हणाली. "मालकासारखाच. बघतोस का जरा, बारक्या?"

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. तिला मी बारक्याच.

रेडिओ घरी आणला. गुरगुर एका सुकलेल्या भागाची होती. दहा मिनिटांचं काम, ते झालं. मागचं झाकण लावताना ओळीनं बसवलेल्या चार डब्या दिसल्या. मीटर लावून बघितलं. चारही ठणठणीत.

मी त्या काढल्या.

पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. माझ्या अडगळीत तसल्याच मेलेल्या डब्या होत्या. त्या तापवून आतला कागद ओढून काढला, शेंगदाण्याएवढे नवे कंडेन्सर आत सरकवले आणि तोंड डांबरानं बंद केलं. त्या रेडिओत बसवल्या. माझे सोल्डरचे डाग नवे, चकचकीत दिसत होते. तेव्हा रेडिओच्या तळाची धूळ बोटावर घेतली आणि प्रत्येक डागावर चोळली. सहा वर्षांची धूळ होती ती, दाजींच्या नंतरची. पत्र्याच्या आत ताई कशाला बघणार होती? तरी मी धूळ चोळली. मागितले असते तर तिनं अख्खा रेडिओ उचलून दिला असता. हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी मागितलं नाही. तिनं देणं आणि मी घेणं, हे आमच्यात फार झालं होतं.

रेडिओ परत नेऊन दिला. ताईनं बटण फिरवलं, मान तिरकी करून ऐकलं.

"काही बदललंस?"

"एक भाग. जुना फेकून दिला."

"स्वच्छ वाजतोय," ती म्हणाली. "धुऊन पुसून ठेवल्यासारखा."

मला ती तारीफ वाटली.

माझा अँप्लिफायर मात्र खरोखर बदलला. पहिले दोन आठवडे मी कामावरून येऊन बूट न काढता त्याच्यासमोर बसायचो. तिसऱ्या रविवारी दुपारी एक तबकडी संपली, दुसरी लावायची होती, तेवढ्यात बायकोनं आतून विचारलं, "काय पाडलंस?"

"काही नाही."

"वाटी पडल्यासारखं झालं."

मलाही झालं होतं. डाव्या स्पीकरमधून.

व्हॉल्व्ह कधी कधी धक्का लागला की वाजतात. मी ते बदलले. पुढच्या रविवारी तबकडी न लावता नुसता अँप्लिफायर सुरू ठेवला, आत येणारी वायर काढून टाकली. म्हणजे आवाजाला यायला वाटच नव्हती. दोन वाजता घड्याळाची टिकटिक सुरू झाली. आमच्या घरात टिकटिकणारं घड्याळ नाही. मग फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ कात्री. तीन वाजता सगळं थांबलं.

माझाच कान बटण दाबत नाही ना, ही शंका धंद्यानं शिकवलेली. त्याच्या पुढच्या रविवारी बायकोला माझ्याकडे पाठ करून बसवलं, काही ऐकू आलं की बोट वर करायला सांगितलं, आणि मी वेगळ्या कागदावर खुणा केल्या. वीसपैकी एकोणीस जुळल्या.

"शेजारचं येत असेल," ती म्हणाली. "पण तू असा पांढरा का पडलायस?"

मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

कारण विसावा आवाज फक्त मी ऐकला होता. ताईच्या आवाजात कोणीतरी अगदी हळू म्हणालं होतं, "चष्मा कुठे ठेवला मेला."

त्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली. बायको कामावर होती. दोनला अँप्लिफायर लावला, टिकटिक आली, आणि मी ताईला फोन केला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बसनं पाऊण तास.

डाव्या स्पीकरमध्ये फोनची घंटी वाजू लागली.

खुर्ची सरकली. चपला घासत आल्या. "आले, आले," स्पीकर म्हणाला. मग "हॅलो" स्पीकरमध्ये, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्या कानात, फोनमधून, "हॅलो."

"ताई, मी."

"बोल रे. दुपारचा कसा? बरं आहे ना?"

मी सांगणार होतो. शब्द तयार होते. "रेडिओ कसा चाललाय?" मी विचारलं.

"छान चाललाय की."

"बरं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं फोन ठेवला. स्पीकरमध्ये चपला परत गेल्या. खुर्ची करकरली.

"तोच होता," ताई म्हणाली. "नाही, काही बोलला नाही."

मध्ये थोडी जागा गेली. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तेवढी.

"मी बघितलं ना झाकण उघडून. तीस वर्षं टॉर्च धरला तुमच्या कामावर, तुमचे डाग मला ओळखू येणार नाहीत होय?"

पुन्हा जागा.

"अहो, नको. धूळ चोळून ठेवली होती बिचाऱ्यानं. मी विचारलं तर तोंड कुठे लपवील तो?"

मी अँप्लिफायरची वायर भिंतीतून ओढून काढली. व्हॉल्व्ह विझायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती एकदा हसली.

दुसऱ्या दिवशी चारही डब्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि दुपारी ताईच्या दाराशी गेलो. कळवलं नव्हतं. दार उघडंच होतं. टेबलावर रेडिओ पालथा ठेवलेला, झाकण काढलेलं, स्क्रू बशीत. बाजूला टॉर्च.

"तू देऊन गेलास त्या दिवसापासून कपाटातच होता," ताई म्हणाली. "आज काढला."

"लावत नव्हतीस?"

"एकदाच लावला. आत कोणी नव्हतंच. कोणाशी बोलू त्याच्यासमोर?"

मग मी इतके दिवस काय ऐकत होतो?

"एक भाग सैल राहिला असेल माझ्याकडून," मी म्हणालो. "बघतो जरा."

"बघ ना. टॉर्च मी धरते."

मी कांडी तापवली. ताई माझ्या खांद्यामागे उभी राहिली, लहानपणी मी अभ्यासाला बसलो की राहायची तशी. पहिली डबी सोडवली. दुसऱ्या डबीकडे वळायच्या आधीच टॉर्चचा झोत तिथे जाऊन थांबला होता. मग तिसरीवर. मग चौथीवर. मी एकदाही मान वर केली नाही. रुमालातून एकेक काढून बसवत गेलो, ती एकेकावर उजेड धरत गेली.

"लावून बघ," मी म्हणालो.

"तू गेलास की लावीन."

ती दारापर्यंत आली. मी बूट घालताना म्हणाली, "आता तुझ्याकडे ऐकू यायचं नाही ना रे?"

"काय?"

"तू ऐकत असायचास ना, म्हणून तुझे दाजी तिकडून आवाज मोठा करायचेच नाहीत. लाजायचे. सगळी बडबड मलाच करावी लागायची." शेजारणीची कागाळी करावी अशा सुरात ती बोलली. मग तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभा राहिलो. भर दुपार होती, खिडकीतून ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. आत बटण फिरलं. अर्ध्या मिनिटानं बारीक खरखर सुरू झाली. खुर्ची ओढली गेली.

आता तरी सांगावं. आत जावं, चोरले म्हणावं, तेवढा एक शब्द.

मी दार वाजवायला हात उचलला.

"अजून बाहेरच आहे?" आत ताई म्हणाली.

खरखर.

"हात उचललाय?"

खरखर. मग ताईनं सुस्कारा सोडला.

"नाही वाजवणार तो. तुम्ही उगाच वाट बघू नका."

मी हात खाली घेतला. दाराला कान लावायची गरज नव्हती. आत दोघंही गप्प बसली होती.