पामच्या माईचा निवेदक

काम म्हटलं तर एवढंसं होतं. शिरगावहून पामला जायचं, माईच्या हातात ट्रान्झिस्टरचे सहा सेल ठेवायचे, रात्री तिथंच पाठ टेकायची आणि पहाटेच्या गाडीने बोईसरहून मुंबई गाठायची. एवढ्या कामात माणसाचं काय वाईट व्हायचं?

पण झालं. आणि हे कुठल्या ऐकीव माणसाचं नव्हे रे पोरांनो. आपल्याच बळवंत सावेचं. किल्ल्यामागच्या वाडीतला बळवंत. ज्यांनी त्याला पाहिला नाही त्यांनीही त्याला ऐकला होता, कारण तो मुंबईच्या रेडिओवर निवेदक होता. निवेदक म्हणजे गाणारा नव्हे आणि बातम्या देणाराही नव्हे. दोन कार्यक्रमांच्या मधला माणूस. गाणं संपलं, भाषणाला अजून दीड मिनिट आहे, तबकडी अडकली, फीत तुटली, की मधली जागा याने भरायची. ती अशी भरायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हे असंच ठरलेलं होतं. घड्याळाचा ठोका पडायला आणि बळवंतचं वाक्य संपायला एकच गाठ. घाई नाही, अडखळणं नाही. भाताच्या पेजेसारखा ऊन, मऊ आवाज.

त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या निवेदकाने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. हजारांशी बोलू नकोस, एकाशी बोल, तो एकटा आहे असं समजून बोल. आणि दुसरी, पुढचा माणूस येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. जगबुडी झाली तरी नाही.

माई ही बळवंतच्या बहिणीची, मंगलाची, मावससासू. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, आणि डोळे गेले त्यालाही दहा वर्षं झाली होती. ट्रान्झिस्टर हीच तिची सोबत. रात्री अकराला बळवंत "शुभ रात्री" म्हणाला की ती रेडिओवर रागवायची. "झाला का लगेच? आनि मी काय करू सकालपरयंत?" मंगला हे हसून सांगायची, बळवंतही हसायचा. दिवाळीत पामला गेला तेव्हा माईने हात धरून सांगितलं होतं, "सेल उतरत आले रे. तूच आन." तो म्हणाला, "पंधरा दिवसांत आणतो, माई."

पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. मुद्दाम नव्हे. मुंबईच्या माणसाचं होतं तसं झालं.

एकोणीसशे सदुसष्ट साल. जानेवारीची वीस तारीख, शुक्रवार. वाडीतलं काम आटपून तो निघाला तेव्हा उन्हं कलली होती. पालघरची गाडी चुकली, दुसरी उशिरा आली. बोईसरला उतरून त्याने सायकल भाड्याने घेतली. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्याचे ट्रक धुरळा उडवत जात होते. पामच्या फाट्यावर खडीचा ढीग होता आणि त्यावरचा राखणदार रामकिसन शेकोटी करून बसला होता. बळवंतने त्याला वाट विचारली.

"माई के घर?" रामकिसनने त्याच्याकडे पाहिलं. "वो अंधी माई? जाइए. दिया जल रहा है."

आंधळीच्या घरी दिवा कशाला, हे बळवंतच्या मनात आलं खरं. पण शेजारची चिमी संध्याकाळी येऊन लावत असेल, असं म्हणून त्याने पायडल मारलं.

घर गावाच्या कडेला. मागे वालाची शेतं, पुढे ताडाची चार झाडं. चांदणं होतं, दव पडायला लागलं होतं. घड्याळात आठ चाळीस. दार नुसतं लोटलेलं होतं.

"माई?"

"कोन? बलवंत काय?" आतल्या काळोख्या खोलीतून आवाज आला. "ये. बस तिथंच. मला उठवत नाय."

तो पुढच्या खोलीत बसला. खिडकीतून आलेल्या चांदण्यात कोनाड्यातला ट्रान्झिस्टर दिसला. बळवंतने पिशवीतून सेल काढले. "उशीर झाला, माई. चुकलंच माझं."

"झाला," माई म्हणाली. रागाने नव्हे. "चिमी म्हनली, मी आनते बोईसरशी. मी सांगितला, नको. बलवंत आननार हाय."

मागचं झाकण उघडून त्याने जुने सेल काढले. ते पाझरून चिकट झाले होते. नवे बसवले, बटण फिरवलं. काही नाही. खरखरसुद्धा नाही. पुन्हा काढले, आतली पत्र्याची पट्टी घासली, पुन्हा बसवले. सेट मुकाच.

"ऱ्हाऊ दे," माई म्हणाली. "तूच आलास ना? आता तूच बोल."

"काय बोलू?"

"रोज बोलतोस ते."

बळवंत हसला. माणूस चांगला होता, आणि मन खात होतं. भिंतीला टेकून त्याने घसा साफ केला आणि आपला खास आवाज लावला. "नमस्कार. आपल्या सेवेला हजर आहे बळवंत सावे. श्रोतेहो, आता रात्रीचे नऊ वाजले आहेत..."

आतून माई खूश होऊन "हं" म्हणाली.

मग त्याने काय काय नाही सांगितलं? हवामान सांगितलं, भाजीचे भाव सांगितले, गाण्याची माहिती देऊन गाणं स्वतःच गुणगुणलं. तिच्या लहानपणीच्या पामची एक श्रुतिका रचून सांगितली, तेव्हा ती हसलीसुद्धा. बळवंतला वाटलं, चला, थोडी तरी फेड झाली. अकराला त्याने नेहमीच्या ठेक्यात सांगितलं, "ही सभा आता संपत आहे. आपली रजा घेतो. शुभ रात्री."

आतून काहीच आलं नाही.

झोपली असेल. घसा कोरडा पडला होता. पाणी मधल्या खोलीत असणार म्हणून तो उठला. मधल्या खोलीच्या दाराला जाडं पोतं टांगलेलं होतं, त्याच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती. त्याने पोतं बाजूला सारलं.

जमिनीवर टोपली पालथी घातलेली होती. तिच्या विणीतून उजेड झिरपत होता. टोपलीखाली पणती. पणतीखाली तांदळाचं पीठ, हाताने सारखं केलेलं. वात दक्षिणेला.

आता तुम्हाला सांगायला नको. घरातलं माणूस गेल्यावर असा दिवा ठेवतात, ते इथं कोणाला ठाऊक नाही?

बळवंत उभा राहिला. घरात माई एकटीच राहत होती. दुसरं माणूस नव्हतं. मग हा दिवा...

आतल्या खोलीत बाज करकरली.

तो मागे सरकला. पुढच्या खोलीत आला. दाराशी गेला. कडी नव्हती, अडसर नव्हता. ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. खांदा लावून ढकललं. भिंतीला ढकलावं तसं. खिडकीला गज.

मागे पावलं वाजली. अनवाणी. हळू. चाचपडत येणारी. मधल्या खोलीपर्यंत आली... पोतं हललं...

आणि बळवंत बोलला. भीतीने नव्हे, सवयीने. मधे पोकळी पडली की तोंड उघडायचं, ही बारा वर्षांची सवय.

"श्रोतेहो... मधल्या व्यत्ययाबद्दल... आम्ही दिलगीर आहोत."

पावलं थांबली.

तो बोलत राहिला. पावलं मागे फिरली. बाज करकरली. "हं," माई म्हणाली. समाधानाने.

तेव्हा त्याला कळलं. तो बोलतो तोवर ती बसून ऐकते. तो थांबला की उठते.

पोरांनो, रेडिओवरची ती खोली तुम्ही पाहिली नाही. भिंतींना गाद्या, दार हातभर जाड, आणि लाल दिवा लागला की आतल्याने बाहेर यायचं नाही, बाहेरच्याने आत जायचं नाही. बळवंतने आयुष्यातली बारा वर्षं तसल्या खोलीत हसतमुख काढली होती. त्या रात्री त्याला पहिल्यांदा कळलं, की ती खोली आहे कशी.

बारा वाजले. एक वाजला. पाठ होतं ते सगळं म्हणून झालं. मग शाळेतल्या कविता, पाढे, गाडीची स्टेशनं. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. पुन्हा विरारपासून. ओरडला असता, पण ओरडण्यात श्वास संपतो. श्वास संपला की गप्प व्हावं लागतं. एकदा ठसका लागला. तेवढ्यात पोतं हललं. पोत्याच्या कडेला चार बोटं दिसली. पांढरी... पिठाने माखलेली.

त्याने ठसक्यातून स्टेशनं म्हटली. बोटं गेली.

"माई," तो मधेच म्हणाला, "मला जाऊ दे."

"जा की. मी कुटं धरलाय? पन मग कोन बोलेल?"

"माई, माझं चुकलं. मी वेळेवर..."

"बोल रे. रडू नको. रडताना समजत नाय."

तीन वाजले. चार. चांद बुडाला. घड्याळ दिसेना. आवाज फाटला, मग घोगरा झाला, मग नुसती हवा यायला लागली. प्रत्येक शब्द काट्यासारखा घशातून काढावा लागत होता. त्याला दिसत होतं, आणखी थोड्या वेळाने शब्द येणार नाही. मग पावलं येतील. आणि या वेळी परत जाणार नाहीत.

तेव्हा त्याला शिकवणारा म्हातारा निवेदक आठवला. पुढचा माणूस बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. म्हणजे... पुढचा बसला की सोडता येते.

पण कोणाचं नाव घ्यायचं? मुंबईच्या रेडिओ केंद्रावर सात निवेदक होते. सातही नावं जिभेवर आली. एकेकाची बायकापोरं डोळ्यांपुढे आली. बळवंतने एकही उच्चारलं नाही, हे त्याचं मोठेपण. बाकी तुम्ही काहीही म्हणा. त्याने नसलेला माणूस उभा केला.

"श्रोतेहो... मी बळवंत सावे आता आपली रजा घेतो. यापुढील सभेत... आपली सोबत करतील... मुरलीधर किणी."

बाज वाजली नाही.

"ह्यो कोन?"

"नवीन आहेत, माई."

"आवाज बरा हाय?"

"चांगला आहे."

"आनि लगेच जातो का? तुज्यासारका?"

बळवंतने डोळे मिटले. "नाही. ते जात नाहीत."

मग माई म्हणाली, "बरा. जा तू. दमलास."

त्याने दाराला नुसता हात लावला. दार उघडलं.

सायकल राहिली, पिशवी राहिली. पहाटे फाट्यावर तो रामकिसनला रस्त्यात बसलेला सापडला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रामकिसनने त्याला शेकोटीजवळ ओढलं, चहा पाजला. बोईसरहून मुंबईची गाडी सुटायच्या आत मंगलाचा नवरा येऊन पोचला. निरोप कळल्यापासून तो रात्रभर बळवंतला गाठायला धावत होता. पामचा माणूस निरोप घेऊन शिरगावला आला होता, पण बळवंत निघून गेल्यावर. माई गुरुवारी रात्री गेली होती. शुक्रवारी दुपारी तिला स्मशानात पोचवली. सेट आठ दिवसांपूर्वीच बंद पडला होता. शेवटच्या आठ रात्री ती मुका सेट उशाशी घेऊन बसायची आणि चिमीला म्हणायची, "गप ऱ्हा, तो येवड्यात बोलेल आता."

बळवंतचा आवाज महिन्याने आला, पण पूर्वीचा नाही. निवेदन सुटलं. केंद्रावरच त्याला तबकड्या लावून ठेवायचं काम दिलं. त्या रात्रीची हकिगत त्याने मंगलाला सांगितली, तिच्या नवऱ्याला सांगितली. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही. ते नाव. बहिणीला सांगताना तो म्हणायचा, "मी एक नाव घेतलं," आणि तिथं थांबायचा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्रावर टपाल आलं. टपालाच्या कारकुनाने सगळीकडे विचारलं, या नावाचा आपल्याकडे कोणी आहे का? कोणीच नव्हता. शेवटी ते कार्ड बळवंतच्या टेबलावर आलं. ते आज मंगलाच्या घरी, गणपतीच्या तसबिरीमागे आहे. विश्वास नसेल तर उद्या दिवसाढवळ्या जाऊन वाचा.

साधं पोस्टकार्ड. शिक्का बोईसरचा. अक्षर कोणाचं ते कळत नाही, पाटीवर पहिल्यांदा लिहिणाऱ्यासारखं वाकडंतिकडं. वर पत्ता, श्री. मुरलीधर किणी, निवेदक. खाली सही नाही. मजकूर दोन ओळींचा.

"तुमचा आवाज गोड हाय. पन तुमी मदेमदे थांबता. थांबू नका. तुमी थांबलात का आमी सगले उठून बसतो."