पान्यावरचं नाव

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. मागच्या मंगळवारी, भर दुपारी, बाबांच्या बंद वर्कशॉपमध्ये हे घडलं.

नट-बोल्ट आवळायचे, जबडा कमीजास्त होणारे जुने पाने ओळखणं हे माझं काम. लोक गंजलेले, चमत्कारिक पाने पाठवतात. मी कारखाना आणि साल सांगतो. ही विद्या बाबांचीच.

त्यांना जाऊन आठ महिने झाले. मी रोज तिथे बसायचो. एकदा तरी चाहूल द्यावी त्यांनी... स्वप्नातही आले नाहीत.

त्यांचा एक पाना जगावेगळा होता. अंगठ्याने पट्टी सरकवली की जबडा हवा तेवढा उघडायचा. "माझ्या डोक्यातून निघालाय," ते सांगायचे. त्यांचे भागीदार लोहारकाका मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "पाना मी बनवलाय." बाबांनी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं. मीही हसलो होतो.

सोमवारी तो पाना भिंगाखाली धरला, तर दिसलं... दांडीवर एका जागी कानस मारलेली.

ठोकलेलं नाव घासून काढलं तरी खालचं लोखंड दबलेलंच राहतं. ॲसिड लावलं की अक्षरं वर येतात.

आली.

लोहारकाकांचं नाव होतं.

आईला दाखवलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मला वाटलं, तुला कधी कळणारच नाही."

म्हणजे दोघांनी मिळून मला फसवलं होतं.

पाना वर्कशॉपच्या कपाटात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसऱ्या दिवशी काकांच्या मुलीला ते नाव दाखवायला बोलावलं. तिच्यासमोर कपाट उघडलं...

दांडी गुळगुळीत. खाली लोखंडाचा ताजा भुगा.

"दादा, तुम्हीपण वडिलांवरच गेलात," एवढं बोलून ती निघून गेली.

मी पुन्हा ॲसिड लावलं. अक्षरं आली, या वेळी पुसट. हात धुवायला बाहेर गेलो, तर मागे दार आपोआप लागलं. आतून आवाज...

खर्र... खर्र...

मग फुंकर.

दोनदा घासून फुंकर मारायची सवय फक्त बाबांची.

ज्यांची आठ महिने वाट पाहिली, ते आले होते. माझ्यासाठी नाही.

मला रडू फुटलं. दाराला तोंड लावून म्हणालो, "बाबा, राहू द्या ना त्यांचं नाव."

आवाज थांबला.

क्षणभरच...

मग पुन्हा सुरू झाला. आता भरभर.

मी ते दार अजून उघडलेलं नाही.