वायर काढलेला सर्व्हर

बळवंतराव करमरकर वाईला पोस्टमास्तर होते. त्यांचे चिरंजीव गोविंदराव, तारमास्तर. त्यांचे अरविंद, १९६९ साली ओटावाला आलेले टेलिफोन इंजिनियर. तिघांपैकी एकानेही स्वतःची चूक कधी दुसऱ्याच्या माथी मारली नाही.

चौथ्याने मारली.

तो जयदीप. ही हकिकत त्याची आहे आणि अक्षरन् अक्षर खरी आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे.

बुधवार, २ जानेवारी २००८. ओटावाच्या कनाटा उपनगरातले ऑफिस. सकाळचे दहा, बाहेर उणे चोवीस. मजल्यावर जयदीप एकटाच.

इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या तीन सर्व्हरांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. ओटावाच्या मुख्य सर्व्हरवर यादी बदलली की तिला त्या दिवसाच्या तारखेचा आकडा द्यायचा. आकडा आधीच्यापेक्षा मोठा असेल तरच टोरोंटो आणि वॉटर्लूचे सर्व्हर नवी यादी उतरवून घेतात. लहान आकड्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत.

बरोबर वर्षापूर्वी जयदीपने हाताच्या सवयीने जुनेच साल टाकले होते. दोन्ही सर्व्हर जुने पत्ते सांगत बसले आणि शेकडो ग्राहकांची मेल दिवसभर बंद पडली. साहेबांनी विचारण्याआधीच त्याने बदलाच्या नोंदीत स्वतःचे नाव पुसून शेजारच्या टेबलावरच्या रविकांतचे नाव घातले.

रविकांतला त्याच दिवशी काढले. पंधरवड्यात तो हृदयविकाराने गेला. मराठी मंडळात लोक म्हणत, "निष्काळजीपणा, दुसरे काय!" त्याच्या पत्नीने, शीलाने, मंडळात येणेच सोडले.

पडद्यावर नेहमी तीन हिरव्या ओळी असत, दर चालू सर्व्हरची एक.

त्या दिवशी... चार होत्या.

चौथा सर्व्हर रविकांतच्या हातचा. वर्षभर बेसमेंटच्या फळीवर पडलेला. जयदीप खाली धावला. वायर जमिनीवर. पंखा थांबलेला. पेटी बर्फासारखी गार...

आणि तरीही ती दर पाच मिनिटांनी उत्तर देत होती.

तो वर आला, तर उरलेल्या तिन्ही ओळी लाल. तिन्हींवर तोच चुकलेला आकडा. २ जानेवारी २००६.

त्याने वॉटर्लूचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ईशानीला फोन लावला.

"काय केलंस तिथे?"

"मी काही टच केलं नाहीये! आणि आकडा मागे जातच नाही ना? तुम्हीच शिकवलंत."

"पुन्हा चेक कर."

"केलं... जयदीप, शेवटचा बदल रविकांतच्या लॉगिनवरून झालाय. ते तर कधीच डिलीट केलं ना? Not funny, हं!"

त्याने आकडा सुधारला. पाच मिनिटांनी पुन्हा लाल. पुन्हा सुधारला. पुन्हा लाल. मग ग्राहकांची नावे सापडेनाशी झाली... एकेक करून.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कोणी खोकले.

कोणाची चूक दाखवण्याआधी रविकांत असाच खोकत असे.

जयदीपने घाईघाईने साहेबांना लिहिले, 'गेल्या वर्षीची चूक आम्हा दोघांची होती.' मेल परत आली. नाव सापडत नाही. मग लिहिले, 'चूक माझी होती.' तीही परत.

खुर्ची सरकली... जवळ.

कानाशी एकच शब्द आला.

"सगळ्यांना."

साहेब. सारे ऑफिस. मंडळाचे एकशे चाळीस सभासद. आणि सर्वांत वर शीला. 'चूक मी केली. नाव मी बदलले. रविकांत निर्दोष होता.'

बारा वाजून दहा मिनिटांनी मेल गेली. तीन ओळी हिरव्या झाल्या. चौथी तिथे नव्हती.

दोन वाजता जयदीप सामानाचे खोके घेऊन पार्किंग लॉटमध्ये उभा होता. नोकरी गेली होती.

संध्याकाळी शीलाचा फोन आला.

"मंडळाचे अध्यक्ष दारात येऊन माफी मागून गेले, भावोजी. तुम्हाला मात्र माफी नाही."

"मी मागतही नाही, वहिनी."

"एक विचारू? तुम्ही दुपारी पाठवलं, असं सगळे म्हणतात. मला तुमची मेल सकाळी नऊलाच कशी आली?"

नऊ वाजता जयदीप बसमध्ये होता, आणि कबुलीचा विचारही त्याच्या मनात नव्हता. आजही तो सकाळी नऊच्या आत मेल उघडत नाही.



"असो," शीला म्हणाली. "आमच्या यांचं येणं वसूल झालं. पुरतं."