हिरव्या शाईचं रजिस्टर

मोबाइल ठेव रे रोशन. आकांक्षा, तू बी जवळ सरक. मंधात हसाचं नाई, सांगून ठेवतो. पुंडलिकराव माहा दोस्त, बोरगाव मेघेचा. त्याच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो, पदरचं काई नाई.

मागच्या साली पोळ्याच्या अमावसेले तो सेलूले गेलता. काम साधं. त्याचे गुरू लक्ष्मणराव घडीसाज, घड्याळं बनवनारे-दुरुस्त करनारे, ते वारून वीस वर्षं झालते. त्याईची नात मंजुषा आजोबाचे कागद, अवजारं जमवून दुकानातच लहानसं संग्रहालय करून राह्यलती. सेलूच्या शाळेतलं मोठं घड्याळ कोणं बनवलं, हे तिले लिहाचं होतं.

शाळेत पाटी पुंडलिकरावाच्या नावाची. अन् घड्याळ बनवलं लक्ष्मणरावानं! लकव्यानं गुरूचा उजवा हात गेला, तवा चेल्यानं आपलं नाव लावून घेतलं. तीस वर्षं शाली-नारळ घेतले लेकाच्यानं. दोस्त असला म्हणून का झालं, मले अजून राग येते.

पोरीनं भोळेपणानं आजोबाचं नोंदीचं रजिस्टर त्याच्याच हाती देलं. "काका, आजोबाचं अक्षर मले लागत नाई. तुमीच वाचून द्या. उद्या येतो मी न्याले."

लक्ष्मणरावाची रीतच होती. नग, म्हंजे दुरुस्तीचं नाईतर नवं बनवाचं घड्याळ, हातात आला का आधी रजिस्टरात हिरव्या शाईनं नोंद. नग, दोष, परत दिल्याची तारीख. मंग टेबलावर चिमटा दोनदा वाजवाचा, अन् मंगच घड्याळ खोलाचं.

घरी त्याची बायको कुंताबाई नोती, माहेरी गेलती. रात्री अकरा-चाळीसले पुंडलिकरावानं शाळेतल्या मोठ्या घड्याळाच्या नोंदीचं पान फाडलं. गॅसवर धरलं. राख मोरीत सोडली. हुश्श केलं, लाइट बंद करून झोपला.

अन्... भिंतीवरचं घड्याळ थांबलं.

मंग कपाटातलं. मंग उशाखालचं.

सारं गप.

टेबलावर... टक.

...टक.

"कोण हाय?"

...

थंड बोटं. त्याच्या मनगटावर. हात उचलला. उलटा केला. नग तपासतात तसा.

"मास्तर... चुकलं माह्यं..."

...

सकाळी मंजुषा आली. पुंडलिकराव खाटेवर बसून रडत होता. उजवा हात चिंधीसारखा लोंबत होता. त्यानं तिले सारं कबूल केलं. डॉक्टर म्हणे, लकवा. असन बाप्पा.

पण पोरीनं रजिस्टर उघडलं. शेवटच्या नोंदीखाली एक नवी नोंद. अक्षर आजोबाचंच, पण हे तिले साफ लागलं. हिरवी शाई बोटाले लागली.

"नग : पुंडलिकचा उजवा हात. दोष : चोरी. परत दिल्याची तारीख :"

पुंडलिकरावानं स्वतः शाळेतली पाटी काढवली, गुरूचं नाव लावलं. हात काई आला नाई. मागच्या हप्त्यात मी सेलूले जाऊन रजिस्टर पाह्यलं.

तारखेची जागा कोरीच हाय.