चौदा हजार फुल्या

माणसाला कसला तरी नाद हवा, असं म्हणतात. मोजणीबाईंना तो चार जणांत वाटून उरेल इतका होता.

मोजणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्या बावीस वर्षं काम करत होत्या. यंत्राला ज्या नमुन्याबद्दल शंका येई तो त्यांच्या टेबलावर यायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या आखीव चौकोनांत पांढऱ्या पेशी किती, तांबड्या किती, हे त्या डोळ्यांनी मोजून सांगायच्या. आकडा कधी चुकला नाही, म्हणून लॅबनं हे नाव ठेवलं आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. दिवसभर चौकोन मोजलेलं शहाणं माणूस संध्याकाळी चौकोनाचं नावसुद्धा काढणार नाही. बाई मात्र घरी आल्या, चहा झाला, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुन्हा चौकोनच मोजायला लागायच्या. हे चौकोन भरतकामाच्या मॅटी कापडावरचे. नक्षीच्या कागदावर ज्या रंगाची खूण असेल त्या रंगाच्या धाग्यानं कापडावरच्या त्याच चौकोनात एक फुली घालायची, म्हणजे एकावर एक दोन तिरके टाके. अशा हजारो फुल्या झाल्या की लांबून चित्र दिसतं. गंमत एवढीच, पण ज्याला ती लागली त्याला लागली.

उशांवर फुलं, चष्म्याच्या घरांवर पक्षी, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा मण्यांचा अंगरखा, असं ते घर होतं. बारीक काचेचे मणी रंगवार लावून छोट्या बाटल्यांत भरलेले असायचे आणि बाटलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आल्यागेल्याला तो सांगे, "एका जागी दहा मिनिटं बसू नका. आमच्याकडे माणसालाही फुल्या घालतात."

"घालू दे की," सासूबाई म्हणायच्या. त्या गुडघ्यांनी बेजार होत्या, पण जीभ ठणठणीत होती. "तुझ्या टकलावर जागा भरपूर आहे."

एका रविवारी दुपारी त्यांनी असाच काही टोला हाणला आणि सोफ्यावर बसलेले तिघंही, म्हणजे नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि खुद्द सासूबाई, पोट धरून हसायला लागले. बाईंनी तेवढ्यात फोन उचलून ते टिपलं. फोटो इतका झकास आला की त्यांनी ठरवून टाकलं, फुलं-पक्षी पुरे झाले, आता हाच भरायचा. लेकीनं फोनवरच्या एका ॲपमधून त्याची नक्षी काढून कागदावर छापून आणली. आडवे एकशे चाळीस चौकोन, उभे शंभर, रंग एकतीस.

"चौदा हजार फुल्या," बाई म्हणाल्या.

"आई, माझं शिक्षण संपेल तोवर होईल का?"

"आधी मला भर," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबायची नाही. आणि जरा बारीक भर."

नेहमीच्या पद्धतीनं बाईंनी कापडाच्या मध्यापासून सुरुवात केली आणि चार आठवड्यांत सोफ्याच्या पाठीमागच्या भिंतीपर्यंत पोचल्या. तिथे दारावर घड्याळ होतं. ते भरून झालं, धागा मागे अडकवून कापला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की घड्याळ सहा चौकोन उजवीकडे गेलंय. मोजणीबाई मोजणीत चुकल्या होत्या. उसवायचं तर नव्वदएक फुल्या उसवाव्या लागणार होत्या. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, कुणाला कळतंय म्हणाल्या, आणि तसंच पुढे भरत गेल्या.

दोन दिवसांनी त्या लॅबमधून आल्या, किती वाजले ते बघायला मान वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या. घड्याळ दाराच्या मधोमध नव्हतं. वीतभर उजवीकडे होतं.

"घड्याळ कुणी हलवलं?"

"कोण हलवणार?" नवरा म्हणाला. "खिळा पहिल्यापासून तिथेच आहे."

बाईंनी स्टूल आणलं, वर चढून जुन्या जागी बोटं फिरवली. भिंत गुळगुळीत होती, भोक नाही की ओरखडा नाही. त्यांनी फोनमधला फोटो उघडला. त्यातही घड्याळ उजवीकडेच होतं. फक्त छापलेल्या कागदावर ते दाराच्या बरोबर मध्यावर होतं. लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, ॲपनं चूक केली असेल, फुकटचं ॲप ते.

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे लॅबचं पहिलं शिक्षण. बाईंनी दुसरा नमुना घेतला. चित्रातल्या कोपऱ्यातल्या दिव्याला, नक्षीत नसताना, त्यांनी लाल मण्यांची झालर लावली. मोजून तेवीस मणी. सकाळी उठून बैठकीत गेल्या तर दिव्याला लाल झालर होती आणि खिडकीतून आलेल्या उन्हात ती लुकलुकत होती. त्यांनी बोट लावून मणी मोजले. तेवीस भरले.

"ही झालर कधी लावली, आई?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"अगं, तू या घरात यायच्या आधीपासून आहे ती. आता दिसली होय तुला?"

बाई घाबरल्या, हे खरं. पण खोटं कशाला बोला, त्या भीतीच्या शेजारीच त्यांना जरा गुदगुल्याही झाल्या. छताच्या कोपऱ्यात तीन वर्षं ओल होती. तीन गवंडी हरले होते. कागदावर तिथे सात तपकिरी चौकोन होते. बाईंनी ते सायीच्या रंगानं भरून टाकले आणि दुसऱ्या दिवशी ओल गायब. मग त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर काळ्या फुल्या घातल्या, फार नाही, बारा. सकाळी तो आरशासमोर भांग पाडत होता आणि शीळ घालत होता. बाईंना स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबावा लागला.

सासूबाईंचं काम मात्र त्यांनी हसत केलं नाही. फोटोत त्यांचा उजवा पाय स्टुलावर ताणून ठेवलेला होता, गेली सहा वर्षं असायचा तसाच. बाईंनी स्टूल गाळलं आणि पाय वाकवून जमिनीला टेकवलेला भरला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, तीनदा मोजलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्या चालत जाऊन आल्या.

"गुडघे कसे आहेत?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीये? तुझेच सांभाळ, दिवसभर बसून असतेस ती."

कुणी आभार मानणार नव्हतं, आणि बाईंना त्याचं काही वाटलंही नाही. ते तीन महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते. लॅबमध्येही त्या गुणगुणत पेशी मोजायच्या.

चहाची गोष्ट पहिल्यांदा झाली तेव्हा त्या हसल्याच. लेकीनं बैठकीत ट्रेमध्ये तीन कप आणले, तिघांनी तीन उचलले.

"आणि मी?" बाई म्हणाल्या.

लेकीनं इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी ऐकू आल्यासारखं, आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मग ते वाढत गेलं. स्वयंपाकघरात लेक त्यांच्या गळ्यात पडून परीक्षेचं रडगाणं गायची. जिन्यात नवरा त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचा. लॅबमध्ये तर सगळे चोख ओळखायचे. फक्त बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की तिघांच्याही नजरा त्यांच्यावरून घसरून मागच्या भिंतीवर जायच्या. बोललेलं कुणाला ऐकू जात नसे. एकदा सासूबाई त्यांच्या मांडीवरच बसायला निघाल्या आणि बाईंनाच खुर्चीतून उठावं लागलं.

चित्र जितकं भरत होतं तितकं हे घट्ट होत होतं. बाईंना कारण शोधायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. चित्रात जे होतं ते त्या खोलीत होतं, आणि चित्रात बाई नव्हत्या. फोटो त्यांनीच काढला होता. फोटो काढणारा फोटोत येतोच कुठे?

त्यांनी उसवायला घेतलं. सुईच्या टोकानं नवऱ्याच्या बाहीच्या पाच फुल्या मोकळ्या केल्या, तर सोफ्यावरून तो म्हणाला, "हात बधिर झाला गं एकदम." बाईंनी घाईघाईनं त्या पाच फुल्या पुन्हा जिथल्या तिथे घातल्या. आठ दिवस कापडाला हातच लावला नाही. त्यानंही काही फरक पडला नाही. तिघं बैठकीत हसायचे, टीव्ही बघायचे, भांडायचे, आणि बाई दाराच्या चौकटीत उभ्या राहून ते बघायच्या. आपल्याच घरात आपण पाहुण्यासुद्धा नाही, हे त्यांना फार लागलं. एकदा तर स्वयंपाकघरातही लेकीनं हाक ऐकून वळायला क्षणभर उशीर केला. त्या दिवशी बाईंनी पुन्हा सुई हातात घेतली.

कापडाची उजवी कड तेवढी भरायची राहिली होती. सहाशे चौकोन, आणि तिथे फक्त भांड्यांचं काचेचं कपाट. कागदावर नुसता करडा रंग होता. बाईंनी फोनवर फोटो उघडून बोटांनी तो कोपरा मोठा केला.

काचेत कुणीतरी होतं.

पुसट, बोटाच्या पेराएवढी, दोन्ही हात वर केलेली एक बाई. ॲपनं तिला करड्या रंगात बुडवून टाकलं होतं, पण फोटोत ती होती. बाईंचाच निळा गाऊन, बाईंचेच कोपर. काचेत उमटलेली, फोटो काढणारी ती स्वतः.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा होती. लहान का होईना, होती.

त्यांनी चौकोन आखले, मोजले, पुन्हा मोजले. चेहरा भरावा असं फार वाटलं. कागदावर दोनदा काढूनही पाहिला. पण फोटोत चेहरा नव्हता. चेहऱ्यासमोर धरलेल्या फोनचा काळा चौकोन होता. आणि आतापर्यंत पदरचं घालून जी मजा केली तिचीच ही शिक्षा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आता लबाडी नको. स्लाइडवर दिसत नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही. त्यांनी होतं तेच भरलं. निळ्या फुल्या तीस, हातांच्या दहा, काळ्या चार.

रविवारी दुपारी शेवटची फुली पडली. चौदा हजार. स्वयंपाकघरात बसूनच त्यांनी धागा कापला.

बैठकीतून हाक आली. "अगं, कुठे आहेस?"

नवऱ्याचा आवाज. त्या खोलीतून, कितीतरी आठवड्यांनी. बाई कापड तिथेच टाकून धावल्या.

"सूनबाई, आता पुरे की," सासूबाई म्हणत होत्या. लेक हसत होती. तिघं सोफ्यावर बसले होते, नवरा भरघोस केसांतून हात फिरवत होता.

"आले, आले," बाई दारातून म्हणाल्या.

कुणी दाराकडे पाहिलं नाही.

तिघंही कपाटाकडे बघत होते.

बाई चार पावलं पुढे आल्या आणि काचेसमोर उभ्या राहिल्या. आत सोफा दिसत होता, लाल झालरीचा दिवा दिसत होता. मधोमध निळ्या गाऊनमधली बाई उभी होती, दोन्ही हात वर, चेहऱ्यासमोर फोन.

बाईंचे हात खाली होते. बोटांत अजून सुई होती.

"किती फोटो काढशील?" नवरा काचेला लाडानं म्हणाला. "ये, बस आता आमच्यात."

काचेतल्या बाईनं सावकाश फोन खाली घेतला.

"आले हं," ती म्हणाली, अगदी बाईंच्या आवाजात, आणि सोफ्यावरचे तिघं तिला जागा करून द्यायला सरकून बसले.