कढीपत्त्यापाशी

इंद्रभानने माणसांचे फोटो कधी काढले नाहीत. माणसं हलतात, बोलतात, काहीतरी मागत राहतात. फुलपाखरू काही मागत नाही.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यातून तो निवृत्त झाला तेव्हा अंबडला घर बांधून त्याला बरीच वर्षं झाली होती. मागच्या अंगणातली झाडंही भरली होती: लिंबू, पेरू, जास्वंद आणि कोपऱ्यात कढीपत्ता. जुन्या जालन्यातल्या तातेरावच्या स्टुडिओतून त्याने एक वापरलेला कॅमेरा आणला, लांब भिंगासकट. मग सकाळभर तिपाईमागे वाकून बसायचं, रोल संपला की एसटीने जालन्याला जायचं, धुऊन आणायचा. बुलबुल, शिंजीर, सातभाई, लिंबावर अंडी घालायला येणारं काळं-पिवळं फुलपाखरू. त्याला आणखी कशाची गरज वाटत नव्हती.

बायकोशी, कडूबाईशी, त्याचं बोलणं मीठ-पाण्यापुरतं होतं. मूलबाळ झालं नाही, याचा दोष त्याने जन्मभर तिच्याच माथी मारला. डॉक्टरकडे स्वतः मात्र कधी गेला नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचा, "नाव बराबर ठेवलंय हिचं." ती चहाचे कप उचलून आत जायची.

शहाण्णव साली तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. साळूबाई नावाची शेजारीण सकाळी येऊन तिला अंघोळ घालायची; बाकी सगळं इंद्रभानच्या गळ्यात पडलं. खाट मागच्या खिडकीखाली होती, पण पडल्यापडल्या तिला नुसतं आभाळ दिसायचं. ती दिवसभर त्याच्याकडेच बघत राहायची. ती नजर चुकवावी म्हणून एक दिवस त्याने धुऊन आणलेले फोटो तिच्यापुढे टाकले.

लिंबावरच्या बुलबुलाचा फोटो तिने डाव्या हातात धरला. अंगठा सरकवत फोटोच्या कडेला नेला, कढीपत्त्यापाशी.

"हे कोन उभे हायत?"

इंद्रभानने चष्मा लावून पाहिलं. पानं होती, पानांची सावली होती.

"कोणी न्हाई. झाड आहे ते."

"तुम्हाला न्हाई दिसत?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कीव होती.

आजारी माणसाचा भ्रम, असं म्हणून त्याने सोडून दिलं. पण पुढच्या रोलमध्येही तिचा अंगठा तिथंच थांबला. त्याच्या पुढच्याही. पेरूवरचा पोपट असो की जास्वंदीवरचा शिंजीर, ती पाखराकडे बघायचीच नाही. तिची जीभ सुटायला लागली. फोटो यायच्या दिवशी ती साळूबाईकडून वेणी घालून घेऊ लागली. फोटो बघताना तिच्या तोंडावर जे उमटायचं, ते इंद्रभानने लग्नाच्या मांडवातही पाहिलं नव्हतं.

"कसा आहे दिसायला?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्हाला कशाला सांगू?"

आजवर तिने त्याला असं उलट उत्तर दिलं नव्हतं. तो तसाच उठला, कुऱ्हाड घेतली आणि कढीपत्ता बुडापासून तोडला. अंगणभर उग्र वास पसरला. झाडाला टेकून कोणी उभं नव्हतं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी खोडावर घाव घालताना तो दर वेळी थोडा थांबत होता.

नव्या फोटोत ती जागा मोकळी होती. बुंधा तेवढा उरला होता. कडूबाईने बराच वेळ पाहिलं.

"बसलेत," ती म्हणाली. "थकले असतील उभं राहून."

मग त्याने अंगण दिसणारे फोटो काढणंच बंद केलं. भिंग इतकं जवळ नेलं की चौकटीत फुलपाखरू आणि जास्वंदीची एक पाकळी, एवढंच मावावं. तो फोटो पाहून कडूबाई हसली. लकव्याने वाकडं झालेलं तोंड तेवढ्यापुरतं सरळ झालं.

"ह्यांच्या बोटावर बसलंय, बघा."

ह्यांच्या. बाई हा शब्द नवऱ्यासाठी वापरते.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानने तिच्या पाठीशी दोन उशा लावून तिला बसती केली. कॅमेरा उचलून बुंध्यापाशी नेला आणि भिंग घराकडे वळवलं. खिडकीच्या गजावर रोज एक शिंजीर येऊन काचेतल्या स्वतःशी भांडायचा. त्याची वाट बघत तो वाकला.

भिंगातून कडूबाई स्वच्छ दिसत होती. ती बाहेर बघत होती. त्याच्याकडे नाही. त्याच्या शेजारी.

सातभाईंचा कलकलाट एकाएकी थांबला.

ताजा कढीपत्ता चुरगळल्याचा वास आला. बुंधा तर कधीचा वाळून गेला होता.

कडूबाईने मान हलवली, कोणी काही विचारल्यावर हो म्हणावं तशी.

शिंजीर गजावर बसला. इंद्रभानने बटण दाबलं.

जालन्याला तातेरावने पाकीट हातात दिलं आणि सहज विचारलं, "काकूला दवाखान्यात ठेवलंय का काय, काका?"

"न्हाई. का?"

"खाट रिकामी दिसली, म्हून म्हन्लं."

शिंजीर सुरेख आला होता. एकेक पीस मोजावं असा. त्याच्या मागे खोली होती, खाट होती, दोन उशा होत्या. चादरीला सुरकुती नव्हती. उशांना दाब नव्हता.

तो घरी आला. कडूबाई खाटेवर होती.

त्याने वरणभात कालवला. ताट घेऊन शेजारी बसला. तिने फोटोसाठी हात पुढे केला. तो खिडकीचा फोटो त्याने पाकिटात तसाच ठेवला. त्याच रोलमधला दुसरा दिला, खिडकीच्या फोटोनंतर रोल संपवायला म्हणून घरातून काढलेला, लिंबावरच्या बुलबुलाचा.

तिने तो अनोळखी वस्तू बघावी तसा पाहिला. मग अंगठा सरकवत बुंध्यापाशी नेला.

"त्या मानसाशेजारी उभी हाय," तिने विचारलं, "ती बाई कोन?"

इंद्रभानच्या हातातला घास तसाच राहिला.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"हसून राह्यली," ती म्हणाली, आणि घासासाठी तोंड उघडलं.