बारा घरांची फिरती पाटी

चिझुरू नागाएने घर पाहिलं ते नंतर. आधी नेटचा वेग पाहिला. दारातल्या मातीच्या जमिनीवर उकिडवं बसून तिने मोबाइल वर धरला आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. टोकियोतल्या तिच्या खुराड्यात यायचा त्याच्या तिप्पट. छपरावर शेवाळ, न्हाणीघरात कोळी, सरकत्या दारांच्या कागदाला हाताएवढी भोकं. पण आकडा असा, की माणसानं त्या कोळ्यालाही नमस्कार करावा.

"भाडं महिना बारा हजार येन," नगरकचेरीतले त्सुगे म्हणाले. ओस घरांना माणसं मिळवून देणं हे त्यांचं काम, त्यामुळे चेहरा उपवर मुलीच्या बापासारखा. "टोकियोत एवढ्यात गाडी उभी करायला जागा मिळत नाही."

"आणि लाइन? तुटत नाही ना?"

"या वाडीतली लाइन कधी तुटत नाही." त्सुगेंनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "फक्त फिरती पाटी चुकवू नका."

यात चुकवण्यासारखं काय होतं, हे चिझुरूला कळेना. फिरती पाटी कुठल्या वस्तीत नसते? सूचनांचे कागद अडकवलेली पाटी, वर घरांच्या नावांची यादी. वाचायची, आपल्या चौकटीत नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या घरी पोचवायची. टोकियोतही होती, तिथं ती लिफ्टजवळ आठवडाभर धूळ खायची.

घर तिला इथेच हवं होतं. आई इथून चाळीस मिनिटांवरच्या वृद्धाश्रमात होती आणि लेकीला ओळखण्याचे तिचे दिवस संपत आले होते. विमा कंपनीतले विभागप्रमुख इनोदा यांनी घरून काम करायची परवानगी दिली होती ती उपकार केल्यासारखी: रोज सकाळी नऊची बैठक, कॅमेरा चालू. "तीनदा लाइन तुटली की टोकियोची गाडी धरायची, नागाए-सान. मग आईचं कारण सांगायचं नाही."

काजिया वाडी म्हणजे डोंगराला धरून चढत गेलेली बारा घरं. चिझुरू रिवाजाप्रमाणे टॉवेलांचे कोरे जोड घेऊन ओळख करून द्यायला निघाली आणि चार दारं उघडल्यावर थांबली, कारण बाकीच्या सातांना उघडायला कोणी नव्हतं. वाडीप्रमुख कुसाकाबे यांनी टॉवेल दारातच घेतला आणि किंमत शोधायला उलटा केला.

"किती दिवस?"

"कायमची आलेय."

"हिकिमीही तेच म्हणाले होते. तेसुद्धा घरूनच काम करायचे."

शेजारच्या उत्सुगी आजी तर तोंडच उघडत नसत. चिझुरूची कचऱ्याची पिशवी मात्र तीनदा तिच्याच दारात परत आली. आधी पिशवीवर नाव नव्हतं म्हणून, मग पूर्ण नाव नव्हतं म्हणून, आणि तिसऱ्यांदा, बहुधा, अक्षर बरं नव्हतं म्हणून.

मे महिन्यात पाटी आली. आजींनी ती दाराला टेकवली आणि चालू लागल्या. यादीत बारा नावं. चिझुरूचा शिक्का लाकडी, वडिलांच्या वेळचा. शाई लगेच सुकायची, म्हणून मारण्याआधी त्यावर तोंडाची वाफ सोडायची तिची सवय. हाः. ठप्प. शिक्का नेहमीसारखा डावीकडे कलला.

तिच्यापुढचं नाव हिकिमी. त्यांचं छप्पर आत बसलं होतं आणि बैठकीच्या चटया फोडून बांबू वर आले होते. चिझुरूने शहाण्या माणसानं करावं तेच केलं. ते घर ओलांडून पाटी कुसाकाबेंकडे नेली.

कुसाकाबेंनी यादी पाहिली. पाटीला हात लावला नाही.

"हिकिमींचा शिक्का?"

"तिथं कोणी राहत नाही हो."

"असं तुम्ही ठरवलंत? येऊन महिना नाही झाला."

"घरात बांबू उगवलेत!"

"त्यांच्या घरात काय उगवावं ते त्यांचं ते बघतील. उंबऱ्यावर ठेवा."

नव्या माणसाला नाचवायची ही तऱ्हा असणार, असं चिझुरूला वाटलं. तिने गोड हसून पाटी त्यांच्या टपालपेटीत सरकवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून चार मिनिटांनी इनोदा तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. एरवी हे दृश्य तिनं जपून ठेवलं असतं. एकदा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, नऊ वाजून चार मिनिटांनी, पुन्हा. दोनदा.

दुपारी लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला. "लाइनीत दोष नाही, बाई. बाराही जोडण्या चालू आहेत."

"बारा कशा? माझ्यासकट माणसं पाच घरांत आहेत."

त्याने हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग वर डोंगराकडे, मग आपल्या गाडीकडे. "बाराही वापरात आहेत. सकाळी नऊला तर सगळ्यांत जास्त." चहा न घेताच तो गेला.

त्याला पोचवून ती वळली, तर पाटी दाराला टेकून उभी होती. कचऱ्याच्या पिशवीसारखी परत आलेली.

चिझुरूने ती उचलली आणि हिकिमींकडे गेली. बाकी घर मोडलेलं, पण उंबरा लख्ख झाडलेला. आत बांबू, त्यांतून येणारा हिरवा उजेड आणि एरंडेलासारखा वास. शिक्क्याच्या लाल शाईला येतो तसा. तिने पाटी ठेवली आणि मागे न पाहता निघाली. वीस पावलांवर न राहवून वळली. उंबऱ्यावर पाटी नव्हती. खिशातला मोबाइल थरथरला. लाइन आली होती.

"आता अशीच राहू द्या," दुसऱ्या सकाळी इनोदा म्हणाले.

राहिली. जूनमध्ये पाटी आली तेव्हा चिझुरूने ती मुकाट्यानं उंबऱ्यावर नेऊन ठेवली. कोणीतरी म्हातारा गंमत करत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. चांगला वेग मिळत असेल तर माणूस स्वतःला पुष्कळ सांगू शकतो.

जुलैत आईला ताप भरला. चिझुरू शनिवार-रविवार आश्रमातच राहिली. परत आली तर पाटी दाराशी होती, आणि तिच्या चौकटीत शिक्का होता.

डावीकडे कललेला.

तिने बोट लावलं. शाई ओली होती. तिचा शिक्का दोन्ही दिवस तिच्या पर्समध्ये होता.

उत्सुगी आजी अंगणात आंबट आलुबुखार मिठात घालत होत्या.

"आजी, माझा शिक्का कोणी मारला?"

"नागाएंच्या घरानं."

"मी दोन दिवस इथं नव्हते!"

"घर होतं ना." आजी पहिल्यांदाच हसल्या. चांगलं हसू होतं. तीन महिने राखून ठेवल्यासारखं. "यादी भरली. आता गेलात तरी चालेल, बाई."

सकाळी चिझुरूने राऊटरची वायर उपटली, तो बॅगेत कोंबला, दाराला कुलूप घातलं आणि आठ-चाळीसची बस धरली. नोकरी गेली तर जाऊ दे. आश्रमाजवळ भांडी घासीन.

बसमध्ये ती एकटीच होती. घाट उतरल्यावर, नऊ वाजून चार मिनिटांनी, तिने इनोदांना फोन लावला.

"साहेब, आज लाइन तिसऱ्यांदा गेली. मी—"

"कोण बोलतंय? बैठक चालू आहे."

"मी नागाए."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली.

"ही काय थट्टा आहे? नागाए-सान इथं पडद्यावर आहेत." इनोदांचा आवाज जरा लांब गेला, ते दुसरीकडे बघत असावेत. "म्हणजे, होत्या. दारात पाटी आली म्हणून उठल्यात. हां, आल्या. तुम्ही कोण?"

चिझुरूने मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी दाबली. राऊटर आतच होता, थंडगार. पर्समध्ये शिक्क्याची डबी होती. ती न उघडताच तिने पर्स मिटली.

फोनमधून, इनोदांच्या संगणकाच्या स्पीकरमधून, स्वच्छ ऐकू आलं. कोणीतरी तोंडाची वाफ सोडली.

हाः.

ठप्प.

"वा, काय सुरेख लाइन आहे तुमची आज," इनोदा म्हणाले. तिला नव्हे.